रकान्यांपासून झाडापर्यंत : भूकंपाच्या नोंदी आणि त्या बदलणाऱ्या संगणकभाषा

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगरला भूकंप झाला, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण जगातली एखादी मोठी भूकंपसूची उघडून बघा, तिथे हा भूकंप 10 डिसेंबरला सापडतो. यात चूक कोणाचीच नाही. सूचीतली वेळ ग्रिनिचची असते आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. पहाटेचे 4.21 म्हणजे तिथले आदल्या रात्रीचे 22.51. आता समजा, कोणी आपल्याकडची नोंद आणि बाहेरची नोंद एकत्र करायला घेतली, आणि हे साडेपाच तास विसरला. त्याच्या यादीत कोयनेला एका रात्रीत दोन मोठे भूकंप होतात. संगणक काही तक्रार करत नाही. त्याच्या दृष्टीने दोन ओळी वेगळ्या आहेत, म्हणजे दोन घटना.

आज आपण बोलणार आहोत ते या ‘एकत्र करण्या’विषयी. एका रचनेत लिहिलेली नोंद दुसऱ्या रचनेत न्यायची, आणि नेताना काही सांडू द्यायचं नाही. हे काम कुठल्या संगणकभाषेत चांगलं होतं, हा वाद गेली पंचवीस-सत्तावीस वर्षं चालू आहे. वाद करणारे बहुतेक लोक वेगाविषयी भांडतात. आमच्या मते वेग हा या गोष्टीतला दुय्यम भाग आहे, पण तिथे आपण यथावकाश येऊच.

आधी आपल्या नोंदींची गोष्ट. 1962 पासून शिवसागर जलाशयात पाणी साठू लागलं आणि त्यानंतर परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने धरणाच्या आसपास भूकंपमापक बसवले. 13 सप्टेंबर 1967 ला एक पाचाच्या वरचा धक्का बसला आणि तीन महिन्यांनी मुख्य भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, दोन हजारांच्या वर जखमी झाली, दगडी भिंतींची घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर धक्के थांबलेच नाहीत. 1985 पासून वारणेच्या जलाशयात पाणी भरू लागलं आणि भूकंपांचा पट्टा दक्षिणेकडे सरकला. आजवर पाचाच्या वरचे वीस-बावीस, चाराच्या वरचे दोनशेच्या घरात आणि त्याहून लहान कित्येक हजार धक्के नोंदले गेले आहेत. पाण्याच्या पातळीचा आणि धक्क्यांचा संबंध काय, हा प्रश्न जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेवरूनच शिकले. हर्ष गुप्तांसारख्यांनी त्यावर आयुष्यं घातली. म्हणजे ही नोंदवही सातारा जिल्ह्याची असली तरी तिचे वाचक हैदराबादपासून कॅलिफोर्नियापर्यंत आहेत. आणि प्रत्येक वाचकाला ती आपल्या लिपीत हवी आहे. लिपी म्हणजे देवनागरी-रोमन नव्हे, रचना.

ही नोंद पहिल्यांदा कशी लिहिली जायची? तारा ओढाव्या तशी शाईची किंवा प्रकाशाची रेघ कागदावर उमटायची. माणूस मोजपट्टी घेऊन त्यावर पहिल्या लाटेची वेळ, दुसऱ्या लाटेची वेळ वाचायचा आणि रजिस्टरात लिहायचा. 1967 च्या मुख्य धक्क्याची धरणाच्या आतल्या त्वरणमापकाने टिपलेली नोंद अशीच जगप्रसिद्ध झाली. धरणाच्या अंगातच तो जोर मोजला गेला होता आणि तो गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांशाच्या आसपास गेला होता. आजही काँक्रीटच्या धरणावर भूकंपाचा काय परिणाम होतो हे शिकवताना ‘अबॅकस’ नावाच्या सॉफ्टवेअरबरोबर जे नमुना गणित येतं, ते कोयना धरणाचं आहे. इथल्या एका पहाटेचा आलेख जगभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत फिरतो आहे, तो कोणीतरी कधीतरी फिल्मवरून आकड्यांत उतरवला म्हणून.

संगणक आले ते छिद्रकार्डं घेऊन. एका कार्डावर 80 रकाने, एका रकान्यात एक अक्षर. भूकंपाचं केंद्र काढणारा ‘हायपो 71’ हा प्रोग्राम ली आणि लार या दोघांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फोरट्रान भाषेत लिहिला आणि तो जगभर वापरला गेला. त्याला लागणारी माहिती कार्डाच्या ठरलेल्या रकान्यांत असायची. पहिल्या चार रकान्यांत केंद्राचं नाव, मग लाटेची खूण, मग तारीख, तास, मिनिट, सेकंद. मधे स्वल्पविराम नाही, दशांशचिन्हसुद्धा बऱ्याचदा नाही. 1722 लिहिलं असेल तर ते 17.22 वाचायचं, कारण या रकान्यांत शेवटचे दोन आकडे दशांशाचे, असं प्रोग्रामला आधीच सांगून ठेवलेलं.

रकान्यांची ही पद्धत स्वस्त होती, झपाट्याने वाचता यायची आणि आजही फोरट्रानमध्ये ती वाचायला दोन ओळी पुरतात. पण तिच्यात एक मोठी खोट होती. जुनं फोरट्रान रिकाम्या रकान्याला शून्य समजायचं. खोली मोजता आली नाही म्हणून कारकुनाने जागा कोरी सोडली, तर प्रोग्रामला ती ‘शून्य किलोमीटर’ दिसायची. ‘माहीत नाही’ आणि ‘काहीच नाही’ यांतला फरकच पुसला गेला. कोयनेत केंद्रं मुळात उथळ, बहुतेक दहा किलोमीटरच्या आत. तिथे शून्य खोली कोणाच्या डोळ्यांत खुपतही नाही! दुसरी गंमत सेकंदांची. पहिली लाट 58 व्या सेकंदाला आली आणि दुसरी पुढच्या मिनिटात, तर कार्डावर दुसरीची वेळ त्याच मिनिटापासून मोजून 63 सेकंद अशी लिहायची रीत होती. रीत माहीत असेल तोवर ठीक. पुढच्या पिढीतल्या प्रोग्रामने 63 सेकंद बघितले की तो एक तर थांबतो, नाहीतर ती नोंद गुपचूप टाकून देतो.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. भूकंपवाले रकान्यांत रमले होते त्याच काळात छापील मजकूर सांभाळणाऱ्यांना वेगळाच त्रास होत होता. त्यांच्या मजकुराला रकाने नव्हते. कायद्याचं कलम एका ओळीचं असतं, नाहीतर तीन पानांचं. 1969 मध्ये आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी यांनी कायद्याच्या कागदपत्रांसाठी एक युक्ती काढली. मजकुरातच खुणा घालायच्या, ‘इथून शीर्षक सुरू, इथे संपलं’. या खुणांच्या भाषेला त्यांनी ‘जीएमएल’ नाव दिलं. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरंही तीच, हा काही योगायोग नव्हता. त्यातून 1986 मध्ये ‘एसजीएमएल’ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, आणि 10 फेब्रुवारी 1998 ला त्याचं आटोपशीर रूप, ‘एक्सएमएल’.

खुणा ही कल्पना आपल्याला अजिबात परकी वाटू नये. इथून वाईला जा, तिथे विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश. त्याची कुठलीही नोंद बघा. शीर्षक जाड ठशात, मजकुरात दुसऱ्या नोंदीकडे जायला बाणाची खूण, शेवटी संदर्भ, आणि अगदी तळाला लेखकाचं नाव, आडनाव आधी. वाचकाला कोणी शिकवत नाही, पण त्याला कळतं की हे नाव नोंदीतल्या माणसाचं नसून नोंद लिहिणाऱ्याचं आहे. मोल्सवर्थचा 1857 चा कोश घ्या. शब्दापुढे लिंगाचं अक्षर, संस्कृतातून आला असेल तर त्याचं अक्षर. हे सगळं मार्कअपच आहे, डोळ्यांसाठी केलेलं. यंत्रासाठी तेच उघड लिहायचं, एवढाच फरक. एक्सएमएलने पहिल्यापासून युनिकोड धरलं, त्यामुळे टॅगचं नावसुद्धा देवनागरीत ‘नोंद’ असं ठेवता येतं. फार थोडे लोक ठेवतात, ही गोष्ट वेगळी.

एक्सएमएलमधली नोंद म्हणजे झाड असतं. खोड, फांदी, डहाळी, पान. भूकंपशास्त्रातही ही कल्पना आली. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या मंडळींनी ‘क्वेकएमएल’ नावाची रचना बांधली आणि तिची 1.2 ही आवृत्ती 2013 पासून प्रमाण मानली जाते. तिच्यात ‘इव्हेंट’ नावाची एक मोठी फांदी म्हणजे एक भूकंप. पण त्या एका भूकंपाखाली ‘ओरिजिन’, म्हणजे केंद्राचा अंदाज, एकाहून अधिक असू शकतात. ‘मॅग्निट्यूड’, म्हणजे वर्तमानपत्रं ज्याला रिश्टर म्हणतात तो आकडा, तोही अनेक असू शकतात. हे फार शहाणपणाचं आहे. 1967 चा भूकंप किती मोठा होता? कोणी 6.3 म्हणतं, कोणी 6.5, काही जुन्या भारतीय लेखनात 7 सुद्धा सापडतो. रकान्याच्या कार्डात एकच जागा, म्हणून कोणीतरी एक आकडा निवडायचा आणि बाकीचे गेले. झाडात सगळे राहतात, प्रत्येकासोबत तो कोणी काढला हेही राहतं, आणि ‘आमच्या मते हा धरा’ असं सांगणारी एक वेगळी खूण असते.

पण झाड आलं आणि जुनी अवजारं बोथट झाली. क्वेकएमएलमध्ये वेळ, अक्षांश, रेखांश, खोली या सगळ्यांच्या पोटात आकडा ज्या टॅगमध्ये असतो त्या टॅगचं नाव एकच : ‘व्हॅल्यू’. म्हणजे फाइलमधली ‘व्हॅल्यू’ असलेली ओळ उचलली तर तो आकडा अक्षांश आहे की खोली, हे त्या ओळीवरून कळत नाही. तो कोणाचं लेकरू आहे ते वर बघून कळतं. ओळीओळीने वाचणाऱ्या भाषांना वर बघता येत नाही.

इथून खरी तुलना सुरू होते. पहिला उमेदवार अर्थातच पर्ल. लॅरी वॉलने 1987 मध्ये काढलेली ही भाषा मजकुराची कापाकापी करण्यात पटाईत, आणि तिच्याआधीच्या ऑकची तर ओळ आणि रकाने ही घरचीच गोष्ट. नमुना द्यायचा, जुळला की बदलायचा. 1998 नंतर जगभर हजारो लोकांनी एक्सएमएलवर हेच केलं, आणि गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा चालतं. एकाच ठिकाणाहून, एकाच प्रोग्रामने काढलेल्या फाइली असतील तर टॅग नेहमी त्याच क्रमाने येतात, त्याच जागी ओळ मोडते. मग एके दिवशी दुसऱ्या संस्थेची फाइल येते. तिच्यात खोलीच्या आकड्याच्या आधी त्याची अनिश्चितता लिहिलेली असते. नियमाप्रमाणे दोन्ही फाइली बरोबर. आपला पर्लचा नमुना मात्र अनिश्चितता उचलून खोलीच्या जागी ठेवतो. वेगाने म्हणाल तर अतिशय वेगाने.

पर्लवर अन्याय नको. त्याच भाषेत ‘ट्विग’ नावाचं एक साधन आहे, ट्विग म्हणजे डहाळी. अख्खं झाड उचलायचं नाही, एक डहाळी तोडायची, तिचं काम करायचं, टाकून द्यायची आणि पुढची घ्यायची. ही कल्पना लक्षात ठेवा, कारण आमच्या मते कोयनेच्या कामाचं उत्तर तिच्यातच आहे.

कारण झाड वाचायच्या मूळ पद्धती दोन. पहिली ‘डॉम’ : सगळी फाइल मेमरीत उभी करायची. मग हवं तिथे जा, वर बघा, खाली बघा. सोय मोठी, पण मेमरीतलं झाड फाइलच्या कितीतरी पट जागा खातं, कारण प्रत्येक पानाबरोबर त्याचे आईबाप, भावंडं यांचे पत्ते ठेवावे लागतात. दुसरी ‘सॅक्स’, 1998 मध्येच डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकाराने ठरलेली : फाइल वाहत जाते, आणि ‘हा टॅग उघडला, हा मिटला’ एवढंच तुम्हाला ओरडून सांगितलं जातं. मेमरी जवळजवळ लागत नाही. पण आपण कुठल्या फांदीवर आहोत हे तुम्हीच लक्षात ठेवायचं. एसटी कंडक्टरने मागचे थांबे पुसून टाकले तर कोण कुठे चढलं हे त्यालाच आठवावं लागेल, तसं. सॅक्सवर लिहिलेला प्रोग्राम सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाच वाचवत नाही.

या दोन टोकांच्या मधे ‘एक्सएसएलटी’ उभी राहिली. 16 नोव्हेंबर 1999 ला तिची पहिली आवृत्ती आली. संपादक जेम्स क्लार्क. एक्सएमएल वाचणारा ‘एक्सपॅट’ हा छोटा, वेगवान पार्सर लिहिणारेही हेच. भाषा विचित्र होती. तिच्यात ‘आधी हे कर, मग ते कर’ असं सांगत नाहीत. ‘असा टॅग भेटला तर त्याचं असं कर’ असे नियम लिहून द्यायचे आणि झाड स्वतः त्यांतून गळत जातं. ही कल्पना तिला एसजीएमएलच्या काळातल्या ‘डीट्रिपलएसएल’कडून मिळाली, जी स्कीम या भाषेवर बेतलेली होती. एक्सएसएलटी स्वतः मात्र एक्सएमएलमध्येच लिहावी लागते. तिच्या शब्दबंबाळपणाची थट्टा तेव्हापासून चालू आहे, आणि ती रास्त आहे.

तरी तिची खरी ताकद एका ठिकाणी दिसते. ‘सगळं जसंच्या तसं राहू दे, फक्त एवढी एक गोष्ट बदल.’ हे तिच्यात दोन नियमांत होतं. पहिला नियम म्हणतो, जे भेटेल ते उतरवून घे. दुसरा म्हणतो, खोलीचा आकडा भेटला तर त्याला हजाराने गुण. (क्वेकएमएलमध्ये खोली मीटरमध्ये असते आणि आपल्या बहुतेक जुन्या याद्यांत किलोमीटरमध्ये. हा गुणाकार राहिला तर दहा किलोमीटरवरचं केंद्र दहा मीटरवर येतं, म्हणजे विहिरीच्या तळाशी.) फाइलमध्ये उद्या कोणी नवा टॅग घातला, ज्याची आपल्याला कल्पनाही नव्हती, तरी तो सुखरूप पलीकडे जातो. पायथॉनमध्ये किंवा जावामध्ये सर्वसाधारण सवयीने लिहिलेला प्रोग्राम याच्या उलट वागतो. जे मागितलं तेवढं घेतो, बाकीचं सोडतो. जुन्या नोंदी जपण्याच्या कामात हा फरक वेगाहून कितीतरी मोठा आहे.

मग तिने सगळं काम का जिंकलं नाही? एक कारण, पहिल्या आवृत्तीला तारीख-वेळ कळतच नव्हती. ग्रिनिचच्या 22.51 मध्ये साडेपाच तास मिळवून तारीख एक दिवस पुढे न्यायची, महिनाअखेर असेल तर महिना, वर्षअखेर असेल तर वर्ष. हे सगळं अक्षरं कापून हाताने करावं लागायचं, किंवा बाहेरच्या जोडण्या घ्याव्या लागायच्या. गट पाडणं, म्हणजे ‘दर महिन्याला किती धक्के’ हेसुद्धा धड जमत नव्हतं. त्यासाठी स्टीव्ह म्युंक यांनी एक द्राविडी प्राणायाम शोधला आणि त्याला त्यांचं नाव पडलं. जानेवारी 2007 च्या दुसऱ्या आवृत्तीने दोन्ही दुखणी दूर केली. वेळेला टाइमझोन देऊन ती हलवणारी सोयच आली. पण सात वर्षं गेली होती, आणि ब्राउझर पहिल्या आवृत्तीवरच थांबले ते कायमचे. सी भाषेतली, मोफत मिळणारी, सगळ्यांत चपळ अशी ‘लिबएक्सएसएलटी’ सुद्धा पहिल्याच आवृत्तीची. नवी आवृत्ती हवी तर मायकेल के यांचा जावामधला ‘सॅक्सन’. तो उत्तम, पण जावा सुरू व्हायलाच वेळ घेतं. हजार लहान फाइली एकेक करून हजार वेळा सुरू केला तर काम कमी आणि उठबस जास्त. एकदाच सुरू करून हजार फाइली दिल्या तर तक्रारीला जागा नाही. ‘अमुक भाषा हळू’ असं ऐकलं की आधी हे विचारावं, की मोजलं काय, धावणं की बूट घालणं?

दुसरं एक कारण नवशिक्यांचा जीव घेणारं. क्वेकएमएलच्या टॅगांना आडनाव असतं, त्याला नेमस्पेस म्हणतात. एक्सएसएलटीत ते आडनाव न सांगता ‘इव्हेंट’ शोधला तर तो सापडत नाही. त्रुटीचा संदेशही येत नाही. कोरी फाइल मिळते, नाहीतर टॅग गळून पडलेला नुसता आकड्यांचा चिखल. आम्ही शिकवायच्या वर्गात हे पहिल्याच तासाला दाखवतो, नाहीतर लोक आठवडाभर भिंतीवर डोकं आपटतात.

पायथॉनचं राज्य आलं ते यानंतर. फ्रेडरिक लुंड यांचं ‘एलिमेंटट्री’ 2006 मध्ये पायथॉन 2.5 बरोबर सगळ्यांच्या संगणकात पोहोचलं. सोबत ‘एलएक्सएमएल’, ज्याच्या आतलं इंजिन सी भाषेतलं. पायथॉन स्वतः हळू भाषा, पण झाड वाचायचं जड काम सी करतं आणि वरचा थोडा विचार पायथॉन. म्युनिकमध्ये सुरू झालेलं ‘ऑब्सपाय’ भूकंपवाल्यांनी उचललं. क्वेकएमएल वाच, नॉर्डिक रचनेत लिही, नकाशा काढ, सगळं एका जागी. आज भूकंपशास्त्राचा विद्यार्थी एक्सएसएलटीचं नावही ऐकलेला नसतो आणि त्याचं फारसं अडतही नाही.

पायथॉनमध्ये डहाळीची युक्ती ‘इटरपार्स’ नावाने आहे. क्वेकएमएलची रचना तिच्यासाठी जणू बेतलेली आहे, कारण एका भूकंपाशी संबंधित लाटांच्या वेळा, केंद्रं, आकडे हे सगळं त्याच ‘इव्हेंट’ फांदीच्या पोटात असतं. त्यामुळे एक इव्हेंट पुरा वाचून झाला की मागेपुढे बघायची गरज नाही. त्याचं काम करा आणि टाकून द्या. एक बारकावा : फांदी रिकामी केली तरी खोड तिची रिकामी काडी धरून ठेवतं. लाखभर काड्या साठल्या की मेमरी हळूहळू भरतेच. खोडही झाडत राहावं लागतं. अख्खी फाइल एकदम उचलणारा प्रोग्राम लहान फाइलवर पटकन होतो म्हणून लोक खूश असतात. साठ वर्षांचे धक्के, प्रत्येकाच्या प्रत्येक केंद्रावरच्या लाटांच्या वेळांसह, एका फाइलमध्ये घेतले की साध्या लॅपटॉपवर तोच बसकण मारतो. एक्सएसएलटीलाही वाहती फाइल हाताळणं जमलं, पण ते तिसऱ्या आवृत्तीत, 2017 मध्ये. त्याच वर्षी इकडे गोठण्याचं तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विवर पुरं झालं, म्हणजे नव्या नोंदींचा आणखी एक झरा सुरू झाला.

मग विश्वकोशासारखं काम पायथॉनवर का देऊ नये? कारण तिथे मजकूर आणि टॅग एकमेकांत विणलेले असतात. वाक्याच्या मधेच एक शब्द जाड, पुढे दोन शब्दांनी बाण, मग पुन्हा साधा मजकूर. एलिमेंटट्री अशा वेळी टॅगच्या नंतरचा मजकूर त्या टॅगच्या शेपटीला बांधते. टॅग काढून टाकला की शेपटीही जाते, म्हणजे जाड शब्दाची खूण काढायला गेलं आणि पुढचं अर्धं वाक्य गायब. एक्सएसएलटीत मजकूर हा स्वतंत्र पान असतो, तो कोणाच्या शेपटीला नसतो. त्यात मराठीचं एक जुनं दुखणं मिळवा. जुन्या फाँटांत ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. ती जागेवर नेताना मधे टॅग आडवा आला तर वेलांटी टॅगच्या अलीकडे आणि अक्षर पलीकडे राहतं. हे पर्लच्या नमुन्याने करायला जाऊ नये, एवढंच सांगतो. थोडक्यात, आकड्यांचं झाड आणि वाक्यांचं झाड ही दोन वेगळी झाडं आहेत आणि एकाच कुऱ्हाडीने दोन्ही छाटता येतात असं म्हणणाऱ्याने बहुधा एकच झाड पाहिलेलं असतं.

एक उमेदवार राहिला, ज्याच्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. हास्केल. वॉलेस आणि रन्सिमन यांनी 1999 मध्येच, म्हणजे एक्सएसएलटीच्या बरोबरीने, हास्केलमधून एक्सएमएल कसं बदलावं हे मांडलं होतं. त्यांनी दोन वाटा दाखवल्या. एक, लहान लहान गाळण्या जोडत जायचं. दोन, कागदपत्राच्या नियमांवरून भाषेतले प्रकारच तयार करायचे. या दुसऱ्या वाटेत ‘खोली असेल किंवा नसेल’ ही गोष्ट प्रकारातच लिहिलेली असते. नसेल तर काय करायचं हे तुम्ही लिहिलं नाही, तर नीट बसवलेला कंपायलर तिथेच बोट ठेवतो. फोरट्रानच्या कोऱ्या रकान्याचा शून्य झाला होता, आठवतं? तो अपघात इथे नकळत होऊ शकत नाही. मुद्दाम करावा लागतो. शिकायला अवघड, माणसं मिळत नाहीत, म्हणून हे आपल्या कचेऱ्यांत येईल असं आम्हाला वाटत नाही. पण तुलना करताना ‘किती सेकंद लागले’ याच्या शेजारी ‘कुठली चूक करताच येत नाही’ हा रकाना असायला हवा, तो हास्केलने दाखवला.

आता आमचं मत. कोयनेच्या सूचीसारख्या कामाला पायथॉन, डहाळी-डहाळीने. बाहेर पडणारी प्रत्येक फाइल स्कीमाशी, म्हणजे रचनेच्या लेखी नियमांशी, ताडून बघायची. 63 सेकंदांसारखी वेळ त्या चाळणीत लगेच अडकते, कारण तिथे मिनिटात साठ किंवा वर सेकंद चालत नाहीत. पण दहा मीटर खोली आणि एका रात्रीतले दोन भूकंप चाळणीतून आरामात निघून जातात, दोन्ही नियमांत बसतात ना! त्यांच्यासाठी इथली माहिती असलेला माणूसच लागतो. आणि इव्हेंटखालचा पहिला ओरिजिन डोळे मिटून उचलायचा नाही, शिफारस केलेला कुठला ती खूण वाचायची. घाईत लिहिलेले बहुतेक प्रोग्राम पहिलाच उचलतात. तो पहिला का आहे, याला बऱ्याचदा तो आधी टाइप झाला यापलीकडे कारण नसतं.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, ते इथे घेतो. पाटणच्या एका शिक्षकांनी विचारलं, एक्सएसएलटी आता संपली का? 2025 मध्ये क्रोम ब्राउझर बनवणाऱ्यांनी तिचा आधार काढून टाकण्याचा इरादा जाहीर केला, हे खरं. पण ती ब्राउझरमधली पहिली, जुनी आवृत्ती. प्रकाशनांत, कोशांत, कायद्याच्या मजकुरात नवी आवृत्ती रोज चालते आहे.

दुसरा प्रश्न धरणावर नोकरी केलेल्या एका गृहस्थांचा होता. हाताने लिहिलेली जुनी रजिस्टरं कोणी टाइप करायला घेतली तर कुठल्या रचनेत करावीत? आमचं उत्तर, थेट क्वेकएमएलमध्ये नको. रजिस्टरात जे रकाने आहेत तेच रकाने ठेवा, वेळ भारतीय असेल तर भारतीयच लिहा आणि ‘भारतीय वेळ’ असा एक रकाना शेजारी घाला. कोरं असेल तिथे शून्य नको, कोरंच ठेवा. खाडाखोड असेल तर दोन्ही आकडे उतरवा. पानाचा फोटो काढून त्याचा क्रमांक प्रत्येक ओळीत द्या. पुढचं रूपांतर मागाहून कोणालाही, कुठल्याही भाषेत, पुन्हा पुन्हा करता येतं.